बेल झाली, सुटका बाकी

कोर्टाने जामीन मंजूर केला की घरच्यांना वाटतं, आता संध्याकाळपर्यंत माणूस घरी येणार. कोणी गावाकडे फोन लावतं, कोणी थेट येरवड्याला जेलच्या गेटवर जाऊन बसतं. मग रात्री मला फोन येतो, "मॅडम, बेल झाली म्हणालात ना? मग अजून सोडलं का नाही?"

मी पुण्यात शिवाजीनगर कोर्टात फौजदारी वकिली करते. माझे बहुतेक पक्षकार साधे लोक आहेत. रिक्षावाले, बांधकामावरचे मजूर, हॉटेलात राबणारी पोरं, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायका. यांच्यातल्या कितीतरी जणांना कोर्टाने जामीन दिला आणि तरीही ते आतच राहिले, हे मी पाहत आले आहे. त्यांच्यासाठी कोर्टात येऊन सही करणारा माणूसच मिळत नव्हता. हे अडथळे कसे पार करायचे, हे प्रत्येक घराला माहीत असायला हवं, कारण पोलीस ठाण्यातून येणारा फोन सांगून येत नाही.

हुकुमात काय लिहिलेलं असतं

जामिनाच्या हुकुमाचा शेवट साधारण असा असतो : आरोपीला पंधरा हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर आणि तेवढ्याच रकमेच्या एका सक्षम जामीनदारावर मुक्त करावं. त्याखाली अटी येतात. साक्षीदारांवर दबाव आणू नये, पोलीस ठाण्यात अमुक वारी हजेरी लावावी, परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर जाऊ नये, वगैरे.

जातमुचलका ही आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी. आम्ही त्याला पीआर बाँड म्हणतो. मी तारखेला हजर राहीन, राहिलो नाही तर एवढी रक्कम भरीन, असं त्यात आरोपी कबूल करतो. जामीनदार हीच हमी त्याच्या वतीने देतो. या दोन्हींत सही करताना एक रुपयाही भरायचा नसतो. आरोपी पळाला तरच ती रक्कम देणं लागते.

ही गोष्ट लोकांना कोणी नीट सांगत नाही. लातूर जिल्ह्यातून पुण्याला येऊन भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एका बाईंचा मुलगा मोबाईलचोरीच्या आरोपात आत होता. जामीन झाल्याचं कळवलं, तशा त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या टेबलाशी आल्या. पदराखालून रुमालाची गाठ काढून माझ्यासमोर ठेवली. आत पंधरा हजार रुपये होते. कानातलं आणि डोरलं गहाण टाकून आणलेले. "एवढ्यात सुटंल ना?" त्यांनी विचारलं. मी त्यांना पैसे परत बांधायला सांगितलं. कोर्टाला पैसे नको होते. पत्ता पक्का असलेला, कमाईचा पुरावा देऊ शकणारा एक माणूस हवा होता, आणि त्यांना पुण्यात असा कोणीच आठवत नव्हता.

हक्काचा जामीन आणि मागायचा जामीन

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, जामिनाची मूळ रचना तीच राहिली.

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. पोलीस ठाण्यातूनच बाहेर पडता येतं. अजामीनपात्र म्हटलं की लोकांचे पाय गळतात, पण त्याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा नाही, तो कोर्टाकडे मागावा लागतो एवढाच. अर्ज केला की कोर्ट सरकारी वकिलांचं आणि तपासी अधिकाऱ्याचं म्हणणं मागवतं. कोर्टाच्या आवारात "सेला लागलंय" असं कोणी म्हणालं तर अर्ज या टप्प्यावर आहे असं समजावं. मग युक्तिवाद, मग हुकूम.

तिसरा रस्ता वेळेचा. पोलिसांनी ठरलेल्या मुदतीत, म्हणजे गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत, दोषारोपपत्र दाखल केलं नाही तर आरोपीला जामीन मिळण्याचा हक्क निर्माण होतो. पण तो अर्ज वेळेत करावा लागतो. दोषारोपपत्र आधी आलं तर हा हक्क हातचा जातो. रस्ता कोणताही असो, शेवटी तोच जातमुचलका आणि बहुतेक वेळा तोच जामीनदार लागतो.

जामीनदार कोर्टासमोर

जामीनदाराला लागणारी कागदपत्रं अशी : आधार, पॅन, रेशनकार्ड किंवा राहत्या पत्त्याचा दुसरा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि ऐपतीचा पुरावा. नोकरी असेल तर पगाराची स्लिप आणि ओळखपत्र, शेती असेल तर सातबारा, घर असेल तर घरपट्टीची पावती. काही वेळा कोर्ट तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मागतं. तो मिळायला तलाठ्याचा अहवाल वगैरे होऊन दिवस जातात, म्हणून जामिनाचा अर्ज प्रलंबित असतानाच मी घरच्यांना त्या कामाला लावते.

सगळी मूळ कागदपत्रं सोबत आणायची आणि घरून निघण्याआधी एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचायची. सातबाऱ्यावर "दत्तू", आधारवर "दत्तात्रय", रेशनकार्डावर जुना पत्ता. एवढ्यावरून माणसं परत जातात. त्यांचा एका दिवसाचा खाडा वाया जातो आणि आतला माणूस आणखी एक रात्र आत काढतो.

जामीनदार कोर्टासमोर उभा राहतो तेव्हा न्यायाधीश प्रश्न विचारतात. आरोपीला कसे ओळखता? किती वर्षांपासून? केस कशाची आहे? यापूर्वी कोणाला जामीन राहिला आहात का? हा तारखेला आला नाही तर तुम्हाला काय भरावं लागेल, माहीत आहे का? आपण आणखी किती जणांना जामीन राहिलो आहोत हे जामीनदाराने लेखी सांगणं कायद्यानेच बंधनकारक आहे. उत्तरं खरी आणि थोडक्यात द्यावीत. पाठ केलेलं बोलणं लगेच ओळखू येतं.

त्या लातूरच्या बाईंच्या मुलासाठी शेवटी उभी राहिली ती त्यांच्याच वस्तीतली एक सफाई कामगार, महापालिकेत कायम असलेली. तिच्याकडे पगाराची स्लिप होती, पुण्याचं रेशनकार्ड होतं. आमच्या पक्षकार बाईंना तिचं नाव सुचलंच नव्हतं, कारण जामीनदार म्हणजे कोणी बंगलेवाला, जमीनवाला लागतो असा त्यांचा समज. साहेबांनी विचारलं, "हा पळून गेला तर?" ती म्हणाली, "पोरगं माझ्या दारातनं ये-जा करतंय साहेब. तारखेला मीच घेऊन येईन." तिची सही झाली. तोवर मुलगा जामीन मंजूर होऊनही जवळजवळ तीन आठवडे आत होता.

रोख रकमेचा मार्ग

जामीनदार लगेच मिळत नसेल तर कोर्टाच्या परवानगीने बाँडऐवजी रोख रक्कम भरता येते. आमच्याकडे पुष्कळदा तात्पुरता रोख जामीन मागितला जातो. आज पैसे भरून माणूस बाहेर काढायचा आणि कोर्टाने दिलेल्या काही आठवड्यांच्या मुदतीत जामीनदार आणून उभा करायचा. पैसे नाझर विभागात भरायचे आणि पावती घ्यायची. ही पावती जिवापाड जपा. जामीनदार दिल्यावर किंवा केस संपल्यावर अर्ज केला की ही रक्कम परत मिळते. पण वर्षानुवर्षांनी केस संपते तेव्हा पावती कुठे आहे हे घरात कोणालाच आठवत नाही, आणि गरिबाचे पैसे सरकारजमा राहतात.

कोर्टापासून जेलच्या गेटपर्यंत

बाँड स्वीकारला गेला की कोर्ट जेलच्या अधीक्षकाच्या नावाने सुटकेचा आदेश काढतं. मुंबईच्या आर्थर रोड जेलबाहेर या आदेशांसाठी एक पेटी आहे. ती ठरावीक वेळी उघडते. २०२१ च्या ऑक्टोबरात शाहरुख खान यांच्या मुलाच्या प्रकरणात साऱ्या देशाने ती पेटी पाहिली. उच्च न्यायालयाने २८ तारखेला जामीन दिला, २९ तारखेला अभिनेत्री जुही चावला यांनी जामीनदार म्हणून सही केली, पण आदेश संध्याकाळी साडेपाचच्या आत पेटीत पडला नाही. सुटका ३० तारखेला सकाळी झाली. नामवंत वकिलांची फौज पाठीशी असताना एक रात्र अशी गेली, तर मजुराच्या किती जात असतील याचा अंदाज बांधावा.

जेलमध्ये आदेश पोचल्यावर नाव, वडिलांचं नाव, केस नंबर, कलम हे सगळं त्यांच्या नोंदीशी ताडून पाहिलं जातं. दुसऱ्या एखाद्या केसमध्ये हा माणूस हवा आहे का, तेही पाहतात. एका अक्षराचा फरक पडला तरी आदेश दुरुस्तीला परत येऊ शकतो. गाझियाबादच्या जेलमध्ये एका बंद्याला आदेशात एक पोटकलम लिहायचं राहिलं एवढ्या कारणाने सुटकेचा आदेश झाल्यावरही २८ दिवस अडकवून ठेवलं होतं. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला पाच लाख रुपये अंतरिम भरपाई देण्याचा आदेश उत्तर प्रदेश सरकारला दिला. म्हणून मी सुटकेचा आदेश हातात आला की कोर्टातच उभी राहून अक्षर न् अक्षर वाचते. तुम्हीही वकिलांना तसं वाचायला लावा.

हा प्रवास जलद व्हावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये 'फास्टर' ही इलेक्ट्रॉनिक व्यवस्था सुरू केली. तिच्यामार्फत त्या न्यायालयाचे आदेश थेट जेलपर्यंत जातात. त्याच न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांनुसार जामीन देणाऱ्या प्रत्येक कोर्टाने हुकुमाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने जेल अधीक्षकामार्फत बंद्याला पाठवायची असते.

जामीनदारच मिळत नसेल तर

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस भारतातल्या जेलांमध्ये ५,७३,२२० माणसं होती. त्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांच्या केसचा निकाल अजून लागलेला नाही असे. दर चारांमागे तीन. जामीन होऊनही केवळ जामीनदाराअभावी आत असलेले लोकही याच आकड्यात असतात.

हा प्रश्न जुना आहे. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. जामीन देण्याचा आदेश होता, पण खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याचा भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी गवंड्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं आणि बाहेरच्या जिल्ह्याचा जामीनदार नाकारणं चूक ठरवलं. पुढच्याच वर्षी बिहारच्या कच्च्या कैद्यांचं हुसैनारा खातून प्रकरण आलं. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी त्यात सांगितलं की, ज्याची मुळं आपल्या समाजात रुजलेली आहेत आणि जो पळून जाण्याची शक्यता नाही, त्याला जातमुचलक्यावरच सोडावं. इतकी वर्षं झाली, तरी "लोकल शुअरिटी आणा" हे वाक्य मी आजही ऐकते. पुण्यात राबणारा लातूरचा, बीडचा, नांदेडचा माणूस पुण्याचा जामीनदार कुठून आणणार? त्याची सगळी पत गावात असते.

अशा वेळी हातपाय गाळून बसू नका. पुढच्या गोष्टी लक्षात ठेवा.

जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्याभरात जामीनदार देता आला नाही, तर तो माणूस निर्धन आहे असं कायदाच गृहीत धरतो आणि त्याला केवळ जातमुचलक्यावर सोडावं लागतं.

बाँडची रक्कम परिस्थितीच्या मानाने अवाजवी असू नये, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. ती कमी करण्यासाठी, बाहेरच्या जिल्ह्याचा जामीनदार चालवून घेण्यासाठी किंवा जामीनदाराची अटच काढण्यासाठी अर्ज करता येतो. एकाच माणसावर अनेक गुन्हे असतील तर प्रत्येकात नवा जामीनदार शोधणं अशक्य होऊन बसतं. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गिरीश गांधी प्रकरणात तेच जामीनदार अनेक केसमध्ये चालतील असा मार्ग काढून दिला.

जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही, तर जेल अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. महिनाभरात बाँड देता आला नाही, तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. हेही २०२३ च्या त्याच निर्देशांत आहे. जेलने कळवलं नसेल तर तुम्ही कळवा.

यापूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, इतरांनी निम्मा काढला असेल, तर त्यांना सुटकेचा विचार मागता येतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि अनेक केस चालू असणाऱ्यांनाही नाही.

केंद्र सरकारची गरीब कैद्यांना मदत करणारी योजना आहे. २०२३ मध्ये तिचे नियम आले तेव्हा कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत मदतीची तरतूद होती. अर्ज जिल्हा समितीकडे जातो, चौकशी विधी सेवा प्राधिकरणात करावी.

आणि वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. कोठडीतल्या प्रत्येक व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे, उत्पन्न कितीही असो. १५१०० हा मोफत मदतीचा क्रमांक आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय असतं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'प्रयास' प्रकल्पाचे कार्यकर्ते १९९० पासून जेलमधल्या माणसांसाठी महाराष्ट्रात हे काम करत आले आहेत.

भाड्याच्या सह्या

अडलेल्या माणसाला कोर्टाबाहेर गाठणारे लोक असतात. "कागद आमचे, माणूस आमचा, तुम्ही फक्त पैसे द्या." कागद पुष्कळदा बनावट असतात. सातबारा दुसऱ्याचा, फोटो तिसऱ्याचा. अशा टोळ्यांवर पोलिसांनी वेळोवेळी गुन्हे नोंदवले आहेत. पकडले गेल्यावर आरोपीचा जामीन धोक्यात येतो आणि मूळच्या छोट्या केसवर बनावट दस्तऐवजांचा मोठा गुन्हा चढतो. घरची माणसं घाबरलेली असतात, थकलेली असतात, म्हणून या जाळ्यात अडकतात. माझी कळकळीची विनंती आहे, या वाटेला जाऊ नका.

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत जामिनाचा बाँड विकणं हा उघड, परवानाधारक धंदा आहे. साधारण दहा टक्के रक्कम घेऊन दलाल कोर्टाला हमी देतो आणि ते दहा टक्के परत मिळत नाहीत. तिथेही या पद्धतीविरुद्ध मोठी चळवळ आहे. इलिनॉय राज्याने सप्टेंबर २०२३ मध्ये रोख जामीनच बंद केला. आपल्या कायद्याने हमी विकत घेण्याला मुळातच जागा ठेवली नाही. पैसे भरायची वेळ आली तर ते मी तुला देईन, असा जामीनदाराशी केलेला करारसुद्धा आपल्याकडे कोर्टात टिकत नाही. जामीनदाराला स्वतःला झळ लागणार असेल तरच तो आरोपीवर लक्ष ठेवील, हा त्यामागचा विचार आहे. विचार चांगला आहे. पण मग ओळखीच्या माणसांनी पुढे यायला हवं.

जामीन राहायला घाबरणाऱ्यांसाठी

आपल्याकडे घराघरांत सांगितलेलं असतं, कोणाला जामीन राहू नये. बँकेच्या कर्जाला जामीन राहून हात पोळलेले लोक पुष्कळ आहेत, त्यामुळे ही भीती मला कळते. पण कर्जाच्या जामीनदाराला दुसऱ्याचं कर्ज फेडावं लागतं. कोर्टातल्या जामीनदाराने एकच गोष्ट पाहायची असते : आरोपी तारखेला हजर राहील. त्याच्या गुन्ह्याची जबाबदारी जामीनदारावर येत नाही, आणि त्याला शिक्षा झाली तरी जामीनदाराचं काही जात नाही.

आरोपी आला नाही तर कोर्ट आधी नोटीस काढून खुलासा विचारतं. योग्य कारण असेल तर रकमेत सूट देण्याचा अधिकार कोर्टाला आहे. रक्कम भरलीच नाही तर दिवाणी कैदेपर्यंत गोष्ट जाऊ शकते, हेही मी लपवून ठेवणार नाही. म्हणून ओळखत नसलेल्या माणसासाठी सही करू नका, तारखा वहीत लिहून ठेवा, आदल्या दिवशी त्याला फोन करा. आणि त्याच्यावरचा भरवसा उडाला तर कोर्टात अर्ज करून कधीही त्या जबाबदारीतून मोकळं होता येतं. कोर्ट आरोपीला बोलावतं आणि दुसरा जामीनदार द्यायला सांगतं.

न्यायाधीशांनी जातमुचलक्यावर अधिक विश्वास टाकावा, हे मी प्रत्येक अर्जात मांडते आणि मांडत राहीन. पण तो दिवस येईपर्यंत गरिबाची सुटका तुमच्या-माझ्यासारख्यांच्या सहीवर अडलेली आहे. तुमच्या सोसायटीचा वॉचमन, दुकानातला पोरगा, वर्षानुवर्षं तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचा मुलगा, यांपैकी कोणाला तुम्ही नीट ओळखत असाल आणि त्याच्यावर अशी वेळ आली, तर पगाराची स्लिप घेऊन अर्धा दिवस कोर्टात या. त्याने गुन्हा केला की नाही, हे कोर्ट ठरवेल. तोपर्यंत कायदा त्याला निर्दोष धरतो, आणि कायद्याने निर्दोष धरलेला माणूस केवळ ओळख कमी पडली म्हणून जेलमध्ये राहता कामा नये.